सोन्याचा हात, काकडीचं सॅलड

खाणावळीच्या दारात सकाळपासून झुंबड उडाली होती आणि झुंबडीतला प्रत्येक जण दुसऱ्याच्या डोळ्यांत डोकावत होता. प्रेमाबिमाचा काही संबंध नव्हता. एकानं खालची पापणी बोटानं ओढून धरायची, दुसऱ्यानं त्याचं तोंड उजेडाकडे वळवून डोळ्याचा पांढरा भाग न्याहाळायचा आणि निकाल द्यायचा. "चढलंय" असं ऐकलं की माणूस हरखून जाई. "अजून नाही" ऐकलं की बिचारा दुसरीकडे जाऊन पुन्हा डोळा दाखवी. आत बेसिनवरच्या आरशासमोरही हीच रांग होती. बेसिनचा नळ मात्र कोणी सोडत नव्हतं, कारण तिथली साबणदाणी मालकानं केव्हाच उचलून टाकली होती.

लोकांच्या डोळ्यांत चढत होतं ते सोनं. म्हणजे खाणावळीत ठाण मांडून बसलेले बाबा त्याला सोनं म्हणत. देहातली अशुद्धता जळून गेली की आत दडलेलं सोनं वर येतं, आधी डोळ्यांत, मग नखांत, मग कातडीवर, असं त्यांचं शास्त्र होतं. भूक मरते, कारण सोन्याला अन्न लागत नाही. मळमळतं, कारण पाप वर येतं. लघवी गडद होते, कारण राहिलेलं पाप खालून जातं. कोणताही डॉक्टर याला कावीळ म्हणाला असता. पण कावीळ झालेल्याला गपगुमान घरी पडून राहावं लागतं आणि सोनं चढलेल्याला बाबांच्या शेजारची खुर्ची मिळते. लोकांनी काय पसंत केलं हे सांगायला नकोच.

आणि या सोन्याची खाण कुठली, तर खाणावळीच्या आचाऱ्याचा उजवा हात.

आचारी म्हणजे मधल्या वयाचा, गोल अंगाचा, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. त्याला गर्व एकाच गोष्टीचा होता, हाताचा. गरम पदार्थ त्याच्या हाताखालची माणसंही करत, पण प्रत्येक ताटाच्या कडेला जाणारं काकडी, टोमॅटो, कांदा आणि कोवळ्या पानांचं सॅलड तो दुसऱ्या कोणाला करू देत नसे. मोठ्या परातीत सगळं चिरून घ्यायचं, वर लिंबू पिळायचं, तेल सोडायचं आणि बाही कोपराच्या वर सारून उघड्या हातानं अलगद कालवायचं. चमच्यानं पानं दुखावतात, असं त्याचं म्हणणं. हातमोजे घालून कालवणं म्हणजे त्याच्या लेखी रेनकोट घालून आंघोळ करण्यातला प्रकार होता. गिऱ्हाइकं बोटं चाटत म्हणायची, याच्या हाताला चव आहे. हे इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं, की चव लिंबाची नसून हाताचीच आहे, असं त्यालाही वाटायला लागलं होतं.

रोज दुपारचं पहिलं ताट अक्काचं असे. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा तिनंच त्याला वाढवलं. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. लहानपणी जेवायला बसताना ती दारात उभी राहायची आणि म्हणायची, "हात दाखव." त्यानं तळवे पुढे केले की म्हणायची, "उलटे कर." नखांत काळं दिसलं की पुन्हा मोरीवर रवानगी. आता तो स्वतःच गावभर हाताचं कौतुक ऐकत फिरत होता, तेव्हा अक्कानं तपासणी कधीच बंद केली होती.

दोनेक महिन्यांमागे आचाऱ्याला कसंतरीच व्हायला लागलं. अंगात कणकण, तेलाच्या वासानं पोट ढवळायचं, पायऱ्या चढताना दम लागायचा. त्यानं मालकाकडे चार दिवसांची सुट्टी मागितली. मालकानं विचारलं, तू घरी बसलास तर गिऱ्हाइकांनी काय माझा हात चाटायचा? मालकाचा हात पाहिलेल्या कोणालाही या प्रश्नाचं उत्तर देणं अवघड होतं. मग सुट्टीऐवजी मालक बाबांना घेऊन आला.

बाबा आधी कुठले, काय करत, हे कोणाला धड ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे ते केस उगवण्याचं तेल विकत. त्यांच्या स्वतःच्या टाळूकडे पाहून यावर विश्वास बसत नसे. पण त्यांची ख्याती होती ती वेगळ्याच कारणासाठी. त्यांच्या दोन्ही हातांना आपोआप गुलाबाचा वास येई. अत्तराची बाटली नाही, फूल नाही, तरी वास. भक्त रांगेनं येऊन हात हुंगून जात. त्यांनी आचाऱ्याची पापणी ओढली, आत पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"वेड्या, हा आजार नाही," बाबा म्हणाले. "तुझ्या हातातलं सोनं जागं झालंय. आता ते वाटायचं. फक्त एक नियम पाळ. या हाताला साबण लावायचा नाही. साबणानं हाताचा गुण धुतला जातो."

हा नियम आचाऱ्याला मनापासून पटला. साबणाचा वास पानांना लागतो आणि चव बिघडते, ही त्याची जुनीच तक्रार होती. संडासातून आलं की हातावर नुसतं पाणी ओतायचं आणि परातीकडे वळायचं, हे तो घाईच्या वेळी आधीही करतच होता. आता त्याला धर्माचं पाठबळ मिळालं. त्याचे डोळे पिवळे झाले, थोड्या दिवसांनी पुन्हा पांढरे झाले, भूक परत आली. बाबांनी जाहीर केलं, सोनं डोळ्यांतून हातात उतरलं. आणि पुढच्या महिन्यात एकेक गिऱ्हाईक पिवळं पडू लागलं, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. ज्यांनी त्याच्या हातचं खाल्लं त्यांनाच सोनं चढलं. शेजारच्या बेकरीत खाणारे आपले जसेच्या तसे.

या शास्त्रात एकच पंचाईत होती, आणि ती म्हणजे पेन्शनरकाका. बाबांचा त्यांच्याइतका निष्ठावान भक्त शोधून सापडला नसता. ते रोज दोन्ही वेळ खाणावळीत जेवत, बाबांचे हात हुंगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येई, पण त्या डोळ्यांत सोनं काही चढेना. उलट टॅक्सीवाला बाबांच्या नावानं रोज शिव्या घाली आणि तो हळदीसारखा पिवळा होऊन बसला होता. बाबांनी खुलासा केला की काकांची भक्ती लपलेली आहे आणि टॅक्सीवाल्याचा विरोधही एक प्रकारची भक्तीच आहे. टॅक्सीवाल्याला शेजारची खुर्ची मिळाली. तो पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून बसला आणि बसल्या बसल्या हळूहळू त्याला ते आवडायलाही लागलं.

मग अक्का आजारी पडली.

तिला सोनं साधं चढलं नाही. ती पिवळीजर्द झाली, उलट्या थांबेनात आणि एका सकाळी तिनं भावालाच विचारलं, तुम्ही कोण. तिच्या मुलीनं तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अक्काचं यकृत जुन्या दुखण्यानं आधीच दुबळं झालेलं, त्यावर हा घाला. धडधाकट माणूस यातून आपला आपण उठतो, पण यांचं काही सांगता येत नाही.

आचाऱ्यानं बाबांचे पाय धरले. बाबा म्हणाले, अक्काच्या देहात लोखंड फार. हेही अक्कानं पूर्वी त्यांना सगळ्यांसमक्ष 'बोका' म्हटलं होतं त्याच्याशी जुळत होतं. मग त्यांनी उपाय सांगितला. रविवारी सुवर्णभोजन करायचं. एकट्या आचाऱ्याचा हात पुरणार नाही, म्हणून ज्यांना ज्यांना ताजं सोनं चढलंय त्या सगळ्यांनी मिळून उघड्या हातांनी सॅलड कालवायचं, गावाला वाढायचं, आणि पहिलं ताट भावानं स्वतः दवाखान्यात नेऊन अक्काला भरवायचं.

शनिवारी दुपारी भाची मुदपाकखान्यात आली. अक्काची ही एकुलती एक मुलगी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. आचारी काकड्या निवडत होता. तिनं एक काकडी उचलली.

"मामा, पेन्शनरकाका सॅलड खातात?"

नाही, आचारी म्हणाला. त्यांची कवळी सैल आहे. कच्चं काही चावत नाही. ते फक्त गरम तेवढं खातात.

"आणि टॅक्सीवाला?"

तो आधी सॅलडच मागतो. दोन-दोनदा.

"मग सोनं भक्तीनं चढलेलं नाही, मामा. काकडीनं चढलंय."

तिनं त्याला सगळं सांगितलं. या काविळीचा विषाणू आजारी माणसाच्या शौचातून बाहेर पडतो. डोळे पिवळे व्हायच्या आधीपासून पडत असतो, माणसाला नुसती कणकण असते तेव्हापासून. संडासातून आल्यावर हात साबणानं धुतले नाहीत तर तो बोटांवर राहतो. बोटांवरून सॅलडमध्ये, सॅलडमधून पोटात. पदार्थ खळखळून शिजला तर तो मरतो, म्हणून काका वाचले. कच्च्या काकडीवर तो सुखानं बसून राहतो. आणि पोटात गेल्यावर डोळे पिवळे व्हायला महिनाभर लागतो, म्हणून खाण्याचा आणि दुखण्याचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

आचाऱ्यानं काकडी खाली ठेवली. त्याला यातलं निम्मंच कळलं होतं, पण नको ते निम्मं बरोबर कळलं होतं.

"म्हणजे अक्काला मी पाडलं म्हणतेस?"

भाचीचा हा मामा लाडका होता. तिला जत्रेत खांद्यावर घेऊन फिरलेला. मग ती म्हणाली, "हो, मामा. पण तुला माहीत नव्हतं. उद्या मात्र माहीत असून करशील."

तो भयंकर चिडला. ज्या हातानं अख्खं गाव जेवलं त्या हाताला ही कालची पोर घाणेरडा म्हणते. त्यानं तिला सांगितलं, पुस्तकं शाळेत ठेव, अक्का उद्या माझ्या हातानं बरी होईल. भाची दारापर्यंत गेली आणि परत फिरली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, बरं, उद्या मीही मदतीला येते, सरबत वाढायला तरी. आचाऱ्याला वाटलं पोरगी वठणीवर आली.

रविवारी भाची सगळ्यांच्या आधी हजर झाली आणि सुवर्णमंडळींना तिनं सरबताचे पेल्यावर पेले पाजले. टॅक्सीवाला, शिंपीणकाकू आणि बाकीचे पिवळे एकामागून एक मागच्या संडासात जाऊन आले. आचारी गेला. बाबाही आपली झोळी खांद्याला अडकवून गेले. प्रत्येक जण बाहेर येऊन नळाखाली हात धरी, नुसत्या पाण्यानं, नियमाप्रमाणे. मग मंडळी परातीभोवती उभी राहिली आणि बाबांचं प्रवचन सुरू झालं.

"साबण म्हणजे काय? फेस. फेस म्हणजे काय? हवा. हवेनं कधी पाप गेलंय?"

"पंख्याच्या हवेनं उकाडा जातो," टॅक्सीवाला पुटपुटला. सवय सुटत नव्हती.

बाबांनी तिकडे काणाडोळा केला. त्यांनी आचाऱ्याचं कोपर धरून त्याचा ओला उजवा हात भक्तिभावानं आपल्या कपाळाला घासला आणि सोडला. गर्दीनं जयजयकार केला. हात परातीत शिरले. काकडी, टोमॅटो, पानं वरखाली झाली, ताटं भरली गेली. अक्काचं ताट आचाऱ्यानं स्वतः भरलं, कडा पुसल्या, मधोमध लिंबाची फोड ठेवली. इतकं देखणं ताट त्यानं आयुष्यात कधी लावलं नव्हतं.

कोणी घास उचलणार एवढ्यात भाची पुढे आली. तिच्या हातात झाडांवर पाणी फवारायची बाटली होती. ती बाबांना म्हणाली की खरं सोनं कुठे आहे ते दाखवणारं पाणी तिच्याकडे आहे, परवानगी असेल तर दाखवते. जेवायच्या आधी एक चमत्कार फुकट मिळतोय म्हटल्यावर गर्दीनं बाबांच्या आधीच परवानगी देऊन टाकली.

तिनं आधी टॅक्सीवाल्याच्या हातांवर फवारलं. स्वच्छ पाणी पडलं आणि त्याची बोटं गडद गुलाबी झाली. शिंपीणकाकूंची झाली. बाकीच्यांची झाली. आचाऱ्याचा हात तळव्यापासून मनगटापर्यंत रंगला. ताटांच्या कडा रंगल्या, परातीचे कान रंगले. सॅलडवर मात्र रंग धरेना. लिंबापुढे त्या पाण्याचं काही चालत नव्हतं. तिनं पुन्हा फवारलं, पुन्हा, आणि मग पानापानावर गुलाबी डाग उमटले. गर्दी थक्क. बाबा एक क्षण गोंधळले, पण मुरलेले होते. त्यांनी दोन्ही हात उंचावून घोषणा केली की हे भक्तीचं तेज आहे.

"हे संडासाच्या कडीचं तेज आहे," भाची म्हणाली.

ती सांगू लागली. लाच घेणाऱ्याला पकडायला नोटांवर एक पांढरी पूड लावतात, ती शाळेच्या प्रयोगशाळेत असते. ती पाण्यात फारशी विरघळत नाही, डोळ्यांना दिसत नाही, पण धुण्याच्या सोड्याचं पाणी लागलं की गुलाबी होते. सकाळी तिनं ती एकाच ठिकाणी लावली होती, संडासाच्या आतल्या कडीला. "मी तुमच्या कोणाच्या हाताला शिवले नाही, ताटाला शिवले नाही. कडीवरून ताटापर्यंत ती तुम्ही आणलीत. पूड दिसते म्हणून आता अंगावर काटा येतोय. विषाणू असाच येतो, फक्त दिसत नाही."

शिंपीणकाकूंनी हात पदराला पुसायला घेतला, पदराकडे पाहिलं आणि तसाच हवेत धरून ठेवला. मागे कोणीतरी ओकारी काढली. आचारी अक्काच्या ताटाकडे पाहत होता. पांढऱ्या कडेवर पाच बोटं स्पष्ट उमटली होती, आणि ती बोटं कोणाची हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

पण बाबा असे तसे हार मानणारे नव्हते. मीही त्याच खोलीत गेलो होतो, ते गरजले, तीच कडी मीही लावली, फवार माझ्या हातांवर. भाचीनं फवारलं. कपाळ गुलाबी झालं, आचाऱ्याचा हात घासला होता तिथे. हात मात्र कोरे राहिले. ना डाग, ना छटा. उलट ओल्या हातांचा गुलाबवास घमघमला.

"पाहा," बाबा म्हणाले. "ज्याचं मन शुद्ध त्याला कडी काय करणार?"

आणि गर्दी फिरली. क्षणात फिरली. पेन्शनरकाकांनी हात जोडले, मालकानं जयजयकार सुरू केला, दोघा-तिघांनी घास पुन्हा उचलला. भाची बाटली धरून उभी राहिली. तिचा प्रयोग बरोबर होता आणि तरी ती हरत होती. घोळ कुठे झाला ते तिला उमगेना.

तेव्हा आचारी पुढे आला. त्यानं बाबांचा हात हातात घेतला, कपाळाला नाही तर नाकाला लावला आणि डोळे मिटले. दूध नासायच्या आधी त्याला त्याचा वास येत असे. तेल कितव्यांदा तापवलंय ते तो शेजारच्या दुकानातून सांगायचा. या हाताला वर गुलाब होता, पण गुलाबाखाली दुसरा एक वास होता, कोरडा, चरबट, घरोघरच्या मोरीवरचा. इतके दिवस तो हात भक्त म्हणून हुंगत आला होता. आज पहिल्यांदा आचारी म्हणून हुंगला.

"बाबा, झोळी दाखवा," तो म्हणाला.

बाबांनी झोळी मागे घेतली. टॅक्सीवाल्यानं ती पुढे ओढली. आतून एक छोटी डबी पडली, टपकन उघडली आणि जमिनीवर घसरत आली ती साबणाची वडी. पांढरी, ओली, गुलाबाच्या वासाची. आणि त्या पांढऱ्या वडीवर गुलाबी रेघा उमटलेल्या. साबणातही सोड्यासारखा खार असतोच, भाची एवढंच म्हणाली. वडीनं बाबांच्या हातांवरची पूड घेतली होती आणि चहाडीही केली होती.

अख्ख्या गावाला साबण वर्ज्य करून बाबा स्वतः मात्र संडासाचं दार लावून, आत नळाखाली दोन्ही हात कोपरापर्यंत घासत होते आणि बाहेर पडताना कडी झोळीच्या टोकानं काढत होते. रोज. गुलाबवासाचा चमत्कार तोच होता, आणि ते स्वतः कधी पिवळे पडले नाहीत याचं गुपितही तेच. शिवाय सॅलडचा घास त्यांनी कधी तोंडात घातला नव्हता. मी फक्त ऊन दूध घेतो, असं ते विरक्त चेहऱ्यानं सांगत.

"साबणाचा नियम का घातलात?" आचाऱ्यानं विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता. त्यामुळेच गर्दी ऐकत राहिली.

बाबा भक्तिमार्गाबद्दल काही बोलू लागले, पण कपाळावर तो गुलाबी टिळा आणि पायाशी वडी असताना शब्दांना जोर येईना. उत्तर भाचीनंच दिलं. बाबांना विषाणू ठाऊक नव्हता. काहीतरी नियम घालावा लागतो, तेवढंच. ही कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. बरा झाला की बाबांची कृपा, नाही झाला की नियम मोडला असशील. असा आजार बाबा लोकांना फार सोयीचा पडतो. स्वतःच्या हातांना मात्र त्यांनी नियम लावला नाही, कारण घाण कोणाला आवडते?

बाबा मागच्या दारानं गेले. कोणी अडवलं नाही, कारण अडवायला त्यांना हात लावावा लागला असता आणि हात सगळ्यांचेच गुलाबी होते. बेसिनवर रेटारेटी झाली. मालकानं काढलेली साबणदाणी मालकालाच पळत जाऊन आणावी लागली. परातीतलं सगळं सॅलड खड्ड्यात गेलं. डॉक्टरीणबाई दुपारी आल्या आणि त्यांनी पिवळ्या मंडळींना घरी पाठवलं, बरे होईपर्यंत कोणासाठी काही शिजवायचं, चिरायचं, वाढायचं नाही अशी ताकीद देऊन. ज्यांनी नुकतंच खाल्लं होतं त्यांना आणि पिवळ्यांच्या घरच्यांना लस टोचली. वेळेत टोचली तर ती पुष्कळांना वाचवते. पेन्शनरकाकांनी दंड पुढे करताना हळूच विचारलं, म्हणजे माझ्या भक्तीत काही खोट नव्हती ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही, फक्त कवळीत होती, आणि तिचे उपकार माना.

आचारी यातलं काही पाहायला थांबला नाही. तो अक्काचं ताट तसंच सोडून दवाखान्यात गेला होता. रिकाम्या हातांनी.

अक्का अजून झोपेत होती, चेहरा पिवळा, ओठ सुकलेले. त्यानं खुर्ची ओढली आणि बसून राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. गुलाबी रंग केव्हाच गेला होता, साबणानं दहादा घासून कातडी लाल झाली होती, तरी तिच्या अंगाला लावायचा धीर होईना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या हाताची लाज वाटली आणि तो ढसाढसा रडला. परिचारिका येऊन त्याला पाणी देऊन गेली.

पुढचे काही दिवस तो तिथेच होता. अक्का कधी ओळखायची, कधी नाही. मग एका सकाळी तिनं डोळे उघडले, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं की गाढवासारखा रडतोयस का. त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता. ताप आला होता ते, साबण सोडला ते, रोजचं पहिलं ताट तिचंच होतं ते. अक्का ऐकत होती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, त्या बोक्याला जवळ केलंस तेव्हाच बोलले होते.

अक्का वाचली. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, थोडक्यात वाचल्या, सगळे वाचत नाहीत, पुन्हा असं झालं तर दैवावर हवाला ठेवू नका.

खाणावळ पुन्हा उघडली तेव्हा बाबांची खुर्ची होती त्या जागी आचाऱ्यानं एक बेसिन बसवून घेतलं, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर. मालक कुरकुरला, आचारी ऐकेना. आता आजारी माणसाला सुट्टी मिळते, तीही मागायच्या आधी. सॅलड मोठ्या लाकडी चमच्यांनी कालवलं जातं. पहिल्या दिवशी टॅक्सीवाल्यानं दोनदा मागून घेतलं आणि जाहीर केलं की चव तशीच आहे. म्हणजे चव लिंबाचीच होती. आचाऱ्याला हे ऐकून थोडं वाईट वाटलं, थोडं हलकंही वाटलं.

गावात अजून कोणी कोणी म्हणतं की बाबांच्या हाताला गुलाबाचा वास तर येत होता ना. येत होता. सगळ्यांच्याच हाताला येऊ शकतो, वडी कोणत्याही दुकानात मिळते. प्रश्न एवढाच आहे की कोणी चमत्कार सांगितला की आपण हात जोडतो की झोळी पाहतो. हात जोडण्याआधी ती पाहा. ज्यानं काही लपवलेलं नाही तो रागावणार नाही. आणि जेवणाआधी, संडासानंतर, साबण लावा. यात देवाचा अपमान नाही, शेजारी जेवायला बसलेल्याचा मान आहे.

अक्का पहिल्यांदा खाणावळीत आली ती भाचीच्या आधारानं, काठी टेकत. आचाऱ्यानं तिचं ताट लावलं, पूर्वीसारखंच, लिंबाची फोड मधोमध, आणि घेऊन आला. अक्का ताटाकडे पाहिना.

"हात दाखव," ती म्हणाली.

सगळी खाणावळ पाहत होती. गोल अंगाच्या, केस पिकायला लागलेल्या त्या माणसानं ताट टेबलावर ठेवलं आणि दोन्ही तळवे पुढे केले.

"उलटे कर."

त्यानं केले. अक्कानं एकेक नख नीट पाहिलं, कुठे काही सापडलं नाही, आणि मग ती जेवायला बसली.